आपापलं पात्र घेऊन या

गोजराबाईंनी काळ्या गुहेतला राक्षस पातेल्यात मारला आणि गुहा ताब्यात घेतली. हे वाक्य वाचकांनी आता विसरून जावं. असं काही घडलेलंच नाही. चांदे गावात कुणालाही विचारा, कुणी कबूल करणार नाही. प्रकरण अजून चालू आहे.

घडलं ते एवढंच, की २००८ साली कुशाबांच्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या सौरभचा खेळ बंद पडायला आला होता.

सौरभ मूळचा अकोल्याचा, नोकरी हिंजवडीत. टेबलावर पुठ्ठ्याचा नकाशा पसरायचा, प्रत्येकानं कुणीतरी व्हायचं, म्हणजे योद्धा, चोर, चेटकीण असं, आणि वीस बाजूंचा फासा टाकत सौरभनं रचलेल्या जगात पराक्रम करायचे, असा तो खेळ. सौरभ तो हट्टानं मराठीत चालवायचा. आपण जे कुणी झालो ते आपलं ‘पात्र’ आणि फासा टाकणं म्हणजे ‘दान टाकणं’. काळी गुहा रंगवायला त्याला दोन पावसाळे लागले होते.

“अरे, सगळं जग ऑनलाइन गेलं आणि तू पुठ्ठ्यावर रांगतोयस,” त्याच्याच खोलीत राहणारा दिग्विजय लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणायचा. “हा बघ माझा राक्षस. हलतो, डोळे वटारतो. तुझ्या राक्षसाला चहा सांडल्यापासून तोंडच नाहीये.”

“म्हणूनच तो जास्त भयानक दिसतो.”

“दिसतो, पण कुणाला? खेळणारे कुठायत?”

हा प्रश्न वाईट होता, कारण बरोबर होता. एकेक योद्धा कॉम्प्युटरवर निघून गेला होता. उरली होती फक्त ऑफिसातली उत्कर्षा. रोजच्या या भांडणाला कंटाळून तिनंच तोडगा काढला.

“रविवारी चार वाजता आपण तिघं सोडून आणखी चौघं या टेबलाशी खेळायला बसले, तर खेळ टेबलावर. नाही बसले, तर पुठ्ठा रद्दीत आणि सौरभ ऑनलाइन. मंजूर?”

सौरभनं मंजूर म्हटलं आणि ज्या यंत्रांना तो जन्मभर नावं ठेवत आला होता त्यांतल्याच एकाला शरण गेला. त्यानं मोबाइलवर मेसेज लिहिला: ‘रविवारी चारला कुशाबांच्या माडीवर मोठं दान टाकायचं आहे. आपापलं पात्र घेऊन या. पात्र नसेल त्याला दान मिळणार नाही.’ मग जुन्या खेळाडूंना पाठवताना त्याचा अंगठा घसरला आणि मेसेज फोनमधल्या झाडून सगळ्यांना गेला.

जुन्या खेळाडूंपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. घरमालक कुशाबांनी मात्र तो मेसेज पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवला.

“बगा! ही माज्या माडीवरची भाडेकरू पोरं. आयटीत हायेत, पर देवाधर्माचं इसरली न्हाईत.”

“पर वाटनार काय?” त्यांच्या भावजयीनं, गोजराबाईंनी विचारलं. दीर-भावजयीचं बांधाच्या वादावरून बोलणं बंद होतं, पण दानापुरतं सुरू झालं.

“पात्र घेऊन या म्हनत्यात. म्हंजे पातळच कायतरी आसंल.”

“तूप!” कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळपर्यंत ते साजूक झालं होतं.

रविवारी सौरभनं टेबलावर काळी गुहा मांडली आणि चौघांची वाट बघत बसला. चार वाजता जिना वाजला. मग तो वाजतच राहिला. सगळ्यांत पुढे गोजराबाई, हातात पातेलं. मागे पोळ्या करणाऱ्या नलिनीताई, दोन डबे घेऊन. त्यांच्या मागे पिरंगुटचे गॅसशेगडी दुरुस्त करणारे हाफीजभाई, लग्नात बिर्याणी शिजते ती देग डोक्यावर घेऊन. त्यामागे कळश्या, बरण्या, आणि शेवटी एक प्लास्टिकचं पिंप, जे वळणावर अडकलं होतं.

“हाफीजभाई, एवढी मोठी देग?” उत्कर्षानं विचारलं.

“म्येसेजमंदी साइज लिवली नव्हती, ताई.”

सौरभ सगळी भांडी बघत राहिला. मग स्वतःचा मेसेज पुन्हा वाचला आणि त्याचा चेहरा राक्षसासारखा झाला. म्हणजे तोंड नाहीसं झालं.

कुशाबांनी त्याला बाजूला घेतलं. “पोरा, गावाला शब्द दिलाय म्या. तूप निगालं न्हाई तर तुमी निगा.”

आता खरं सांगितलं तर खोली जाणार होती आणि गप्प बसलं तर खेळ. सौरभनं फासा उचलून गोजराबाईंपुढे धरला.

“मावशी, टाका दान.”

“म्या टाकायचं? आन् घ्यायचं कुनी?”

तरी त्यांनी टाकला. फासा पातेल्यात पडला, खणखणला आणि थांबला. सौरभनं आत डोकावलं आणि सगळं विसरून ओरडला, “वीस! राक्षस मेला!”

कुशाबांनी टोपी काढली.

“कवा?”

“आत्ता. मावशींनी मारला.”

“म्या न्हाई!” गोजराबाई कडाडल्या. “म्या आत्ताच आले हाय. इचारा हाफीजभाईंला.”

“व्हय, माज्याम्होरंच जिना चढल्या,” हाफीजभाईंनी देगीखालून जबानी दिली.

“तसं नाही हो. हा खेळ आहे. राक्षसाला मारणाऱ्याला त्याची गुहा मिळते. ही बघा.”

“गुहा म्हंजे... जागा?”

“जागा, आणि भोवतालचं रान.”

त्या क्षणी तूप गावाच्या डोक्यातून गेलं. माणसं टेबलावर वाकली.

“किती गुंटं?”

“रोडटच हाय का?”

“एक वाट आहे,” सौरभ चाचरत म्हणाला, “पण ती शापित आहे.”

“म्हंजे वहिवाटीचा वाद,” कुशाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. “आता ऐका. मयत राक्षस माजा सख्खा चुलतभाऊ. निम्मा वाटा माजा.”

“भावजी, हितंबी?” गोजराबाईंनी पातेलं आपटून समोरची खुर्ची घेतली.

हाफीजभाईंनी दान टाकून शापित वाट घेतली आणि लगेच फाटक बसवलं. नलिनीताई म्हणाल्या, “मी चेटकीण होते. मला रोज चार घरी जायचंय, फाटक-बिटक चालणार नाही.” आणि चौथी खुर्ची भरली.

तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच गेलेली होती. कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून बसलेला दिग्विजय किंचाळला, “माझा राक्षस गेला!”

“त्योबी म्या न्हाई मारला,” गोजराबाई म्हणाल्या.

उत्कर्षानं चौघांवरून बोट फिरवलं आणि सौरभचा हात उंच केला. खेळ टेबलावर राहिला. कुशाबांनी तुपाचा विषय काढला नाही, कारण ते हरकत नोंदवण्यात गुंतले होते.

त्यानंतर दर रविवारी माडी भरू लागली. सौरभला याहून जास्त काय हवं होतं? एवढंच, की अधूनमधून कुणीतरी लढावं. पण तलवारीला कुणी हात लावेना. गुहेत अडकलेल्या राजकन्येला मोजणी होईपर्यंत बाहेर सोडायचं नाही, असं बहुमतानं ठरलं.

मग एका रविवारी गोजराबाईंनी सौरभनं पेन्सिलीनं काढून दिलेला गुहेचा सातबारा त्याच्यापुढे सरकवला.

“ह्यो हातानं लिवलेला चालत न्हाई आता. समदं कम्प्यूटरवर झालंय. छापील पायजे.”

“मावशी, हा पुठ्ठ्याचा खेळ आहे. त्यातच तर...”

“तुजं हातानं लिवलेलं कुनी मानंल का, पोरा?”

चारही खुर्च्यांनी माना हलवल्या. सौरभ उठला आणि दिग्विजयसमोर जाऊन उभा राहिला.

“बोल,” दिग्विजय हेडफोन काढून म्हणाला.

“प्रिंटर चालू आहे का?”

दिग्विजय हसला नाही, हेच जास्त लागलं. त्यानं सातबारा छापला आणि गोजराबाईंनी तोंडी सांगितलेला अर्जही छापला. अर्ज त्याच आठवड्यात रवाना झाला. तो असा:

‘मा. तलाठी साहेब यांसी, अर्जदार गोजराबाई, रा. चांदे, ता. मुळशी. विनंती अर्ज करते की, काळ्या गुहेतील राक्षस हा अर्जदाराच्या पातेल्यात आपोआप मयत झाला असून त्यात अर्जदाराचा काहीही हात नाही. तरी संगणकीकृत सातबाऱ्यावरून राक्षसाचे नाव कमी करून अर्जदाराचे नाव लावावे, वारस म्हणवणाऱ्या कुशाबा यांची हरकत फेटाळावी, शापित वाटेवरील फाटक काढण्याचे आदेश व्हावेत व मोजणीच्या दिवशी राजकन्येस जागेवर हजर ठेवावे, ही नम्र विनंती. सोबत: पातेले, एक नग. काम झाल्यावर परत मिळावे.’