मानाच्या जागेवरून गायब झालेला आवाज

“आवाज असा येईल, की बाबांना वाटेल आपण पुन्हा पंचविशीचे होऊन समोर बसून गातोय!” इसेनबेक छाती फुगवून म्हणाला.

“आठ दिवस हेच ऐकतेय मी,” त्याची बायको जिबेक कणीक मळता मळता म्हणाली. “आधी त्या तारा आवरा. बाबांचा पाय अडकला तर तुमचाच आवाज बंद करीन!”

बाबा म्हणजे जिबेकचे वडील, तोक्तोसुन आजोबा. आज त्यांच्या सत्तरीचं जेवण होतं आणि त्यासाठी ते नारिनच्या डोंगरातून बिश्केकला लेकीकडे येत होते. पंचविशीत त्यांनी एकदा रेडिओवर तीन तारांचं कोमुझ वाजवून गाणं म्हटलं होतं. त्या एका गाण्याच्या जोरावर गेली पंचेचाळीस वर्षं ते गावात ताठ मानेने फिरत होते. स्वतः मात्र ते गाणं त्यांनी पुन्हा कधी ऐकलं नव्हतं. इसेनबेकने रेडिओतल्या एका निवृत्त माणसाची वर्षभर पाठ धरून त्या गाण्याची नक्कल मिळवली होती.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? एका ‘शाब्बास’साठी! लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासरेबुवा जावयाचा उल्लेख ‘आमचे तारावाले’ असाच करत. ज्याला धड घोड्यावर बसता येत नाही, मेंढी सोलता येत नाही, त्याला शाब्बास द्यायची तरी कशाबद्दल, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आज इसेनबेक त्याला उत्तर देणार होता.

दाराच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे दोन जुने स्पीकर उभे राहिले. उजव्या स्पीकरच्या मागच्या अधिक-उणे खुणा केव्हाच पुसून गेल्या होत्या, म्हणून तारा त्याने अंदाजाने जोडल्या. “अंदाज कसला? अनुभव!” तो स्वतःशीच म्हणाला. आता समोरच्या भिंतीशी, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून ऐकून बघितलं की काम फत्ते!

पण समोरच्या भिंतीशी होती तोर. म्हणजे घरातली सर्वांत मानाची बैठक. तिथे नवी कोरी रजई अंथरलेली, आणि तिच्या राखणीला इसेनबेकची आई सुराकान.

“काय रे? व्याही बसायचे त्या जागेवर तू आधी बूड टेकवणार?”

“आई, दोन मिनिटं! आवाज बघायचाय!”

“आवाज बघायला बूड कशाला लागतं? कान घेऊन दाराशी बस!”

मग काय, बसला बिचारा दाराशी, डाव्या स्पीकरला मांडी लावून. तिथून आवाज खणखणीत आला. त्याने खुशीत कणकेचा एक तळलेला बोर्सोक तोंडात टाकला.

दुपारी मंडळी जमली. आजोबा तोरवर विराजमान झाले, बाकीचे मानाप्रमाणे दोन्ही बाजूंना. इसेनबेकने छोटंसं भाषण करून कळ दाबली.

“वा! वा!” डावीकडचे ओरडले.

“काय गळा आहे!” उजवीकडचे म्हणाले.

आजोबा मात्र कपाळाला आठ्या घालून इकडेतिकडे बघत होते. “गाणारा कुठाय?”

“तुम्हीच गाताय की, बाबा!”

“मी कुठाय मग? तारांची किणकिण तेवढी येतेय. माणूस विहिरीत पडलाय का?”

जिबेकचा भाऊ जोलदोश बायकोच्या कानाशी कुजबुजला, “बाबांचे कान गेले!” कुजबुज त्याला कधीच जमली नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांनी ऐकली. आजोबांनीसुद्धा!

“कान गेले? तुझं लग्न झालं त्या दिवशी तू दारामागे रडलास, तेही मी ऐकलंय!”

तरी लेकीचे डोळे भरून आले, सून मोठमोठ्याने “बाबाऽऽ, चहाऽऽ घेताऽऽ?” असं विचारू लागली आणि सुराकानने डोकं हलवत देवाचं नाव घेतलं. आजोबा लालबुंद! शाब्बास तर राहिलीच, आता सासऱ्याला बहिरा ठरवल्याचं पाप जावयाच्या माथी!

इसेनबेकला त्या जागेवरून ऐकणं भाग होतं. पण पाहुण्याला तोरवरून ‘जरा उठा’ म्हणायचं म्हणजे ‘चालते व्हा’ म्हणण्यासारखंच! मग त्याला हात धुवायची झारी दिसली. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायचंच असतं, आणि सुरुवात थोरल्यापासून. गाणं पुन्हा लावून तो झारी घेऊन पुढे झाला, आजोबांच्या अगदी गालाला गाल लावून वाकला आणि पाणी ओतता ओतता ऐकू लागला.

खरंच की! आवाज पोकळ, गाभा काढून घेतल्यासारखा! एक स्पीकर पडदा पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे खेचतोय, आणि दोघं मिळून बरोबर मधोमध आजोबांचा गळा दाबताहेत! उजव्या स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या!

“जावईबापू,” आजोबा म्हणाले, “हात झाले. आता गुडघेही झाले. आंघोळ घालायचा विचार आहे का?”

इसेनबेक झारी टाकून धावला. उजव्या स्पीकरमागे शिरून त्याने तारांची अदलाबदल केली. गाणं लावलं.

“अजून विहिरीतच!” आजोबा म्हणाले.

“असं कसं होईल?”

“मीपण मदत केली,” डाव्या स्पीकरमागून जोलदोशने मुंडकं बाहेर काढलं. “तुम्ही तिकडे उलटवल्या, म्हणून मी इकडे उलटवल्या!”

इसेनबेकने कपाळावर हात मारून घेतला. आता कुठलाच अंदाज नको! त्याने भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, दोन्ही स्पीकरची जाळी उतरवली आणि एकेका स्पीकरच्या तारा सेलला टेकवून पाहिल्या. थप! डाव्याचा पडदा आत गेला. थप! उजव्याचा बाहेर आला.

“नाडी लागतेय का?” सुराकानने काळजीने विचारलं.

“मटण गार होतंय, ते कुणी बघा!” जिबेक स्वयंपाकघरातून कडाडली.

त्याने डावा सुलटा केला. पुन्हा सेल लावला. थप, थप! दोन्ही पडदे बाहेर! घामाघूम होऊन त्याने कळ दाबली.

आणि काय सांगू! खोलीच्या मधोमध पंचविशीतला तोक्तोसुन येऊन उभा राहिला. कोमुझची तार न् तार, श्वास न् श्वास! आजोबांचे डोळे विस्फारले, ओठ हलू लागले. जिबेक कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. इसेनबेक सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आता फक्त तो एक शब्द!

मग दुसरं कडवं आलं. वरच्या सुरावर चढताना पंचविशीतला तोक्तोसुन सपशेल घसरला. आवाज चिरकला, सावरायला गेला तर तालही सुटला, आणि शेवटी तो चक्क खोकला. सगळं स्वच्छ, खणखणीत, घरभर!

गाणं संपलं. मंडळी आपापल्या रिकाम्या ताटाकडे बघू लागली. जोलदोशने हसू दाबायला तोंडात अख्खा बोर्सोक कोंबला. आजोबांनी दाढी कुरवाळली.

“इसेनबेक,” ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच नावाने! “इकडे ये, बस असा.”

इसेनबेक गुडघे टेकून बसला. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“शाब्बास!” ते हळूच म्हणाले. “मघाशी फार छान जोडलं होतंस. गावातली माणसं ऐकायला यायच्या आत पुन्हा तसंच करून ठेव.”