लॅपटॉपला आवतन

गेल्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शेजारच्या पत्रुभाऊंनी लॅपटॉपच्या बिजागरीला हळद आणि लोणी चोळलं. नुसतं बोट लावलं नाही. अंगणात पाट मांडला, पाटावर लॅपटॉप ठेवला आणि पळसाच्या पानानं दोन्ही बिजागऱ्या मन लावून शेकल्या. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे असेच शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं असंच आमंत्रण देतात. सालभर जू ओढून खांदा दुखतो, त्याला तेवढाच आराम. पत्रुभाऊंकडे आता बैल नाहीत. शेतात भाड्याचा ट्रॅक्टर येतो. पण सालभर राबलेल्या कोणाचे तरी खांदे शेकायलाच पाहिजेत, आणि त्यांच्या घरात राबतो तो लॅपटॉपच. मी कुंपणावरून विचारलं, "पत्रुभाऊ, लॅपटॉपला खांदा कुठला?"

"मास्तर, वजन कुठी पडते ते पाहा. उघडा, झाका, उघडा, झाका. खांदा नाई तर काय हाय हा?"

लोणी रात्रभरात पाझरलं आणि आत गेलं. पोळ्याच्या दिवशी यंत्र कसंबसं चाललं, दुसऱ्या दिवशी पोरं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघाली तेव्हा हा बैल बसला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, वास घेतला आणि आतून बाहेरून पुसून परत दिला. पण एक बिजागरी गेली ती गेलीच. तेव्हापासून त्याचा पडदा तांदळाच्या डब्याला टेकून उभा राहायचा. डब्यातले तांदूळ काढायचे असले की कमलबाई, म्हणजे पत्रुभाऊंच्या घरच्या, ओरडून विचारायच्या, "अवो, तुमचं काम झालं का? मले भात टाकायचा हाय!"

पत्रुभाऊ मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सारी नोकरी साखळी ओढत बांधावरून गेली. आता नागभीडला घरी बसून तलावांचे आणि बोड्यांचे, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यांचे, नकाशे काढून देतात. मासेमारी करणाऱ्या संस्थांना तलावाचा नकाशा लागतो, शेतकऱ्याला आपल्या बोडीचा लागतो, आणि पत्रुभाऊंच्या नकाशात तलावाच्या पाळीवरचं मोहाचं झाडही सुटत नाही. हे नकाशे ते लिनक्सवर काढतात. अर्ज टाइप करायचे, ते सरकारी साच्यात भरायचे, हे काम विंडोजवर. दोन्ही एकाच लॅपटॉपमध्ये. बटण दाबलं की पडद्यावर दोघांची नावं येतात, हवा तो निवडायचा.

तुम्हीआम्ही याला दोन ऑपरेटिंग सिस्टीम म्हणू. पत्रुभाऊ याला जोडी म्हणतात. विंडोज म्हणजे चांद्या. दिसायला देखणा, बाजारात चालणारा, पण खादाड. लिनक्स म्हणजे लाल्या. अंगानं साधा, खायला कमी, पण आपल्या मनाचा. अडला की अडला. "चांद्या उजव्या अंगाचा, लाल्या डाव्या अंगाचा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. नकाशा न्यायला आलेला माणूस मान डोलावतो, कारण त्याला नकाशा हवा असतो.

आता तांदळाच्या डब्यावर किती दिवस काढणार? नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं. मी हायस्कुलात गणित शिकवतो, आणि गणिताच्या मास्तरला कॉम्प्युटर कळतोच असा गावाचा पक्का समज आहे. त्यामुळे चंद्रपूरच्या दुकानात त्यांच्यासोबत जायची पाळी माझ्यावर आली.

ती खरेदी मी जन्मात विसरणार नाही. दुकानदारानं कौतुकानं एक लॅपटॉप पुढे केला. पत्रुभाऊंनी तो आधी दोन्ही हातांवर तोलला. मग पालथा केला. दुकानदाराचा चेहरा पडला. पत्रुभाऊंनी चारही कोपरे अंगठ्यानं दाबून पाहिले, बाजूच्या खाचांमध्ये डोकावले, जणू दातच मोजत होते. मग एका बोटानं झाकण उचललं. "मान चांगली हाय," असं मला हळूच म्हणाले. शेवटी गरम हवा निघते तिथं तळहात धरला.

"तापते का?"

"काका, लोड आला की थोडा तापतोच."

"तेवढा तं मीबी तापतो. चालवून दाखवा."

दुकानदारानं चालवून दाखवला. विंडोज सुरू झालं. पत्रुभाऊ वाकून पाहत राहिले. "हा झाला चांद्या. लाल्या कुठी हाय?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. मग मीच लाजतकाजत उलगडा केला. दुकानदार हसला आणि भल्या मनानं म्हणाला, "काका, दोन सिस्टीमची भानगड आता कशाला? तुमचा तो नकाशाचा प्रोग्राम विंडोजवरही चालतो. हे बघा, टाकूनच दाखवतो." आणि त्यानं खरंच टाकून दाखवला. नकाशाही उघडून दाखवला. पुढचं मागचं सगळं एकाच ठिकाणी.

मला वाटलं, सुटलो. पत्रुभाऊंचा चेहरा मात्र उतरला. आवडलेल्या गोऱ्ह्यात खोड निघावी तसा. ते म्हणाले, "बराबर हाय तुमचं. आम्ही जेवून येतो." आणि थेट स्टेशनावर येऊन गाडीत बसले.

'बराबर हाय तुमचं' हे पत्रुभाऊंचं नेहमीचं वाक्य. ते आलं की समजावं, विषय संपला आणि तुमचं कोणी ऐकलेलं नाही. मूल स्टेशन येईपर्यंत मी त्यांना एका सिस्टीमचे फायदे पटवत होतो. जागा वाचते, वेग वाढतो, घोटाळे कमी. माझंच म्हणणं मला इतकं पटलं की मीच एखादा घ्यावा असं वाटू लागलं. ते खिडकीतून तलाव पाहत होते. सिंदेवाही गेल्यावर एकदाच म्हणाले, "मास्तर, एका बैलानं नांगर नाई चालत."

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. मोनाली, त्यांची एकुलती एक. हैदराबादला कॉम्प्युटरचीच नोकरी करते. चंद्रपूरला शिकत असताना तिनंच हा लाल्या बापाच्या लॅपटॉपमध्ये बांधला होता. तीही तेच म्हणाली, "बाबा, आता एकच पुरते. उगाच त्रास काऊन करून घेता?"

"बराबर हाय तुवं," पत्रुभाऊ म्हणाले, आणि फोन कमलबाईंकडे दिला.

फोनवर पत्रुभाऊंना बोलता येत नाही, हे सांगायचं राहिलं. मुलीशी त्यांचं बोलणं म्हणजे "बरी हाय ना? जेवली ना? हे घे, मायशी बोल." एवढंच. मग बाहेर येऊन आत काय बोलणं चाललंय त्याकडे कान देऊन उभे राहणार. मी कितीदा पाहिलंय.

पण लाल्या अडला की गोष्ट वेगळी. कधी कधी लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर लाल्याचं नावच यायचं नाही, सरळ चांद्याच सुरू व्हायचा. मग मोनाली हैदराबादहून इंटरनेटवरून या लॅपटॉपमध्ये यायची. ते दृश्य पाहण्यासारखं असे. पत्रुभाऊ रविवारी सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत. पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला की मोठ्यानं सांगत, "आली वो, मोना आली!" कमलबाई हात पुसत येत. लॅपटॉपशेजारी चहाचा कप ठेवला जाई, तो कोणी पीत नसे. फोन स्पीकरवर. बाण इकडेतिकडे फिरे, काळ्या खिडक्या उघडत, आणि बापलेकीचं बोलणं चाले.

"बाबा, तुम्ही काय केले याले?"

"मी काईच नाई केलो. तोच अडला."

"गुडघा कसा हाय?"

"गुडघ्याचं काय, चालते. अवं, तलावात यंदा वाघूर मासा लई निघाला. तुले आवडते ना?"

फोनवर तीन शब्दांत आटपणारा माणूस लाल्याच्या आजारपणात तास तास बोलायचा. बांधावरचं भांडण, मोहाचा बहर, कोणाच्या गोठ्यात बिबट शिरला, सगळं. तिचं काम केव्हाच आटोपलेलं असे, पण बाण उगाच पडद्यावर फिरत राही.

मला यात काही विशेष वाटत नव्हतं. पण यंदा उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या एका कॉम्प्युटरला हाच आजार झाला. लाल्या गायब. मी सकाळभर घाम गाळून थकलो आणि पत्रुभाऊंना हाक मारली, म्हटलं मोनालीला विचारून सांगतील. ते आले, खुर्ची ओढली, आणि एकीकडे मला घोडाझरी तलावाच्या पाण्याबद्दल सांगत सांगत त्यांनी दुसरीकडे लाल्याला जागेवर आणला. माझा चहा यायच्या आत. चष्मासुद्धा लावला नव्हता.

त्यानंतरच्याच रविवारी कुंपणापलीकडून आवाज आला, "मोना, लाल्या पुन्हा अडला वं. मले काई समजून नाई राह्यलं."

मी तसाच तरातरा त्यांच्या घरी गेलो. गणिताचा माणूस, हिशेब चुकला की मला गप्प बसवत नाही. तोंड उघडणार एवढ्यात कमलबाईंनी सुपातले तांदूळ निवडता निवडता माझ्याकडे असं पाहिलं की मी उंबऱ्यातच थांबलो. पत्रुभाऊंनी मान वळवली. इस्त्रीचा शर्ट. शेजारी चहा. मला म्हणाले, "तुमच्या शाळेचा लाल्या गरीब होता मास्तर. हा खोडील हाय."

"बराबर हाय तुमचं," मी म्हणालो.

घरी येऊन बसलो आणि मला फार वाईट वाटलं. चंद्रपूरच्या दुकानात हा माणूस लॅपटॉप पाहतच नव्हता. एका सिस्टीमचं शहाणं यंत्र घरात आलं, ते कधी अडलंच नाही, तर रविवारी कोण येणार, हे तो पाहत होता. आणि मी मूल स्टेशनापर्यंत त्याला घोटाळे कमी होण्याचे फायदे सांगत होतो.

पोळा जवळ आला तशी जुन्या लॅपटॉपची दुसरी बिजागरीही गेली. आम्ही पुन्हा चंद्रपूरला गेलो. या वेळी मी एक शब्द बोललो नाही. दुकानदारानं ओळखलं. म्हणाला, "काका, दोन्ही सिस्टीम टाकून देतो, चकटफू."

"नाई," पत्रुभाऊ म्हणाले. "तुम्ही चांद्या द्या. लाल्या माही पोरगी बांधन."

मोनालीनं फोनवर कुरकुर केली. एकच पुरते म्हटलं होतं ना बाबा, वगैरे. पत्रुभाऊ म्हणाले, "मले जोडीची सवय हाय."  मग ती म्हणाली, पोळ्याच्या आदल्या दिवशी लाल्या बांधायला बसते.

त्या दिवशी दुपारी मलाही बोलावणं आलं. नवा लॅपटॉप पाटावर. पत्रुभाऊ इस्त्रीच्या शर्टात. हळद-लोण्याला कमलबाईंनी सक्त मनाई केली होती, म्हणून हातात नुसतं कोरडं फडकं. बाण आपोआप हलू लागला. लाल्यासाठी आत जागा रिकामी करायचं काम चाललं होतं. आज फोन मात्र नव्हता. मीटिंग आहे, बोलता येणार नाही, असा तिनं निरोप दिला होता. पत्रुभाऊ नुसता बाण पाहत होते. नोकरी लागल्यापासून मोनाली एकदाही पोळ्याला आली नव्हती, आणि यायला सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

काम संपत आलं असावं. पत्रुभाऊ उठले, कोरड्या फडक्यानं बिजागऱ्या हळूहळू चोळल्या, आणि पडद्याला हात जोडून नेहमीसारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

लॅपटॉपचा माइक चालू असावा. आम्हा कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. बाण जागच्या जागी थांबला. मग एक पांढरं पान उघडलं आणि त्यावर एकेक अक्षर उमटू लागलं.

पत्रुभाऊंनी खिसा चाचपून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "आवतन घेतलं बाबा. आज रातच्या गाडीनं निघून राह्यली. लाल्या उद्या घरीच येऊन बांधते. तोवर तुम्ही काई मोडू नका."

शेवटचं वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा मनातल्या मनात वाचलं. मग चष्मा काढला आणि ते कोरडं फडकं तोंडावरून फिरवलं.

"अवो, काय म्हणते पोरगी?" कमलबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काई नाई," पत्रुभाऊ म्हणाले. "पुरणाले डाळ जास्त भिजव."