दौलतनानांच्या रिकाम्या चौकटी

संगणकावर आलेला मुलीचा फोटो उघडण्यापूर्वी तिच्या वडिलांना फोन करून परवानगी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे वारूळवाडीचे शेजारी, दौलतनाना.

तेव्हा नारायणगावात ई-मेल नवी होती. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मंदाताईंचं दुकान होतं. पुढे झेरॉक्सचं यंत्र, कोपऱ्यात एसटीडीचा काळा फोन आणि पडद्याआड दोन संगणक. तापलेली धूळ, शाई आणि सकाळी लावलेली उदबत्ती यांचा मिळून एक वास त्या पडद्याआड कायमचा वस्तीला असे. नाना तिथे लग्नाची स्थळं पाहायला येत. इंग्रजी वाचायला त्यांना मी, शाळेतली बाई, लागे.

एकदा ओतूरच्या एका मुलीची माहिती आली. पत्र उघडलं, पण फोटोच्या जागी नुसती कोरी चौकट. वर इंग्रजीत एक ओळ.

“बाई, काय लिवलंय?” नानांनी विचारलं.

“या पत्रातली चित्रं झाकून ठेवली आहेत. पाहायची असतील तर इथे दाबा.”

नाना मागे रेलले. एखाद्या परक्या गावात अचानक आपल्या भावकीतला माणूस भेटावा, तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. “बगा! यंत्र असून रीत कळती. आधी इचारतंय!” आणि मंदाताईंनी ती ओळ दाबायला बोट उचललं, तेवढ्यात ओरडले, “थांब! कुनाच्या परवानगीनं?”

त्यांनी उठून ओतूरला फोन लावला. “पावणं, तुमच्या लेकीचा फोटू आलाय. बगू का?”

पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, “अहो, मग पाठवला कशाला?”

“पाठवणं येगळं, बगणं येगळं,” नाना दुखावल्या स्वरात म्हणाले. “रीत म्हंजी रीत.”

त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. या माणसाकडून येणारी चित्रं कायम दाखवावीत का, असा तिचा अर्थ. तो ऐकून नानांनी कानाच्या पाळीला हात लावला. “कायम? साखरपुड्याच्या आधी?”

नाना एसटीत कंडक्टर होते. जुन्नर, ओतूर, आळेफाटा, मंचर या रस्त्यांवरची सगळी घराणी त्यांना थांब्यांनुसार पाठ होती. नोकरीत असतानाच त्यांच्या चामडी पिशवीत तिकिटांच्या शेजारी मुलामुलींचे फोटो फिरू लागले आणि निवृत्तीनंतर तिकिटं गेली, फोटो उरले. या उद्योगाचा मोबदला ते घेत नसत. घेत असते तर लोकांना त्यांची किंमत कळली असती. फुकट मिळणाऱ्या माणसाला लोक देवळातल्या घंटेसारखं वाजवतात. येताना एकदा, जाताना एकदा, आणि मध्ये त्याची आठवणही काढत नाहीत.

मुलगा पारखण्याची त्यांची पद्धत स्वतंत्र होती. ते त्याला जुन्नरच्या गाडीत बसवत, स्वतः दोन रांगा मागे बसत आणि पाहत. मुलानं म्हातारीला जागा दिली की पास. खिडकीबाहेर पाहण्याचं नाटक केलं की नापास. एका इंजिनिअर मुलाला त्यांनी केवळ पाय पसरून बसल्यामुळे बाद केलं होतं. “पदवी लई मोठी हाय राव,” ते त्याच्या वडिलांना म्हणाले होते, “पण पोरगं तीन मानसांची जागा एकटंच खातंय.”

आणि त्यांचा सर्वांत कडक नियम फोटोचा. नकार आला की मुलीचा फोटो परक्या घरी एक रात्रही राहता कामा नये. टपालानं नाही, कुणाच्या हाती नाही. नाना स्वतः जाऊन तो मागून आणत आणि मुलीच्या घरी पोहोचवत. मुलाकडच्यांना या फोटोचं काय महत्त्व असे, ते मी पाहिलं आहे. एकदा असा परत आलेला फोटो माझ्या हातात आला होता. मागच्या बाजूला चहाच्या कपाचा गोल डाग होता. दूधवाल्याचा हिशेब नव्हता, हेच नशीब.

पुढे मुलं पुण्याच्या कंपन्यांत गेली आणि त्यांच्या आयांना सगळं ई-मेलनं हवं झालं. नानांनी तेही स्वीकारलं, पण आपल्या अटीवर. फोटो पत्रासोबत वेगळा जोडायचा नाही. “भाजीच्या पिशवीवानी खाली काय लटकावता? कागदावर डकवलेला पायजे, उजव्या कोपऱ्यात!” म्हणून मंदाताई मुलीचा फोटो फ्लॉपीवर घेत, ती चपटी काळी तबकडी संगणकात सरकवत आणि तिच्यावरचा फोटो पत्राच्या कोपऱ्यात डकवून देत. पडद्यावर मुलगी अगदी ठसठशीत दिसे. पत्र जाई. त्याबरोबर नाना फ्लॉपी खटकन काढून घेत, तिच्यावर फुंकर घालत, रुमालात गुंडाळत आणि त्याच दिवशी मुलीच्या घरी नेऊन देत.

“पत्र गेलं, फोटू परत आणला,” ते आईबापांना अभिमानानं सांगत. “आता पयल्यावानी दहा घरं फिरायचा न्हाई त्यो.”

खरोखरच फिरला नाही. ज्या ज्या घरी पत्र गेलं, तिथे तिथे मुलीच्या जागी पांढरी चौकट आणि तिच्यात लाल फुली उमटली. दोन तालुक्यांतल्या उपवर मुली, कुणी बी.ए., कुणी डी.एड., सगळ्या एकजात लाल फुल्या झाल्या. आळेफाट्याच्या एका हॉटेलमालकाचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते.

“नाना, पोरगी कुठाय? नुसती फुलीच आलीया!”

“तुमचं मशीन नीट न्हाई, पावणं.”

“आवं, तीन मशिनींवर बघितलं! मेहुण्याच्या हापिसात बघितलं!”

“मंग मेहुण्याचंबी नीट न्हाई.”

नाना लोकांना नाना उपाय सुचवत. मशीन बंद करून पुन्हा लावा. सकाळच्या वेळी बघा, तेव्हा लाइन मोकळी असते. दुसऱ्या गावाला जाऊन बघा. हॉटेलमालक खरोखर संगमनेरपर्यंत गेला आणि तिथे त्याला अधिक स्पष्ट फुली दिसली.

त्याच सुमारास माझ्या भाचीची, अलकाची माहिती पाठवण्याची वेळ आली. अलका घोडेगावला माझ्या बहिणीकडे. एम.ए. झालेली, बालवाडी चालवणारी. तिचा आवाज पितळेच्या भांड्यात पाणी ओतावं तसा, भरीव आणि थंड. पण लहानपणी तिच्या अंगावर उकळतं दूध सांडलं होतं आणि गळ्यापासून जबड्यापर्यंत त्याची खूण उरली होती. फोटोवाला म्हणे, ताई, मान जरा तिकडे वळवा. ती वळवत नसे. त्यामुळे जुन्या पद्धतीनं तिचे फोटो जिथे जिथे गेले, तिथून तिथून परत आले. दर वेळी नानाच ते घेऊन जात.

या वेळचं स्थळ पारगावचं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरचे बरे. बहीण माझ्या मागे लागली होती, “तू शिकलेली आहेस. या वेळी तरी सगळं नीट जाऊ दे.” तिच्या आवाजात अशी काही धार होती की हे जमलं नाही, तर ती पुन्हा कुणापुढे माहिती ठेवणार नाही, हे मला कळलं. अलकाच्या नशिबी फुली येऊ द्यायची नाही, असं ठरवून मी दुकानात गेले. नाना आधीच येऊन बसले होते.

मी मंदाताईंकडून ते पत्र प्रथम माझ्याच पत्त्यावर पाठवून घेतलं आणि शेजारच्या संगणकावर उघडलं. चौकट. फुली. फुलीवर माउसचं उजवं बटण दाबून फोटोचा पत्ता पाहिला, आणि सगळा उलगडा झाला. त्या पत्त्याच्या आरंभी फ्लॉपीच्या खणाचं अक्षर होतं. फोटो पत्राबरोबर कधी जातच नव्हता. जात होता तो फक्त निरोप, की फोटो फ्लॉपीवर आहे, तिथून घ्या. आणि फ्लॉपी तर नानांच्या खिशात, रुमालात गुंडाळलेली.

मी हे सविस्तर समजावून सांगितलं. वर्गात सांगावं तसं, उदाहरणासहित. “नाना, तुम्ही घराचा पत्ता देता आणि घरच उचलून घेऊन जाता. दिसणार काय? अर्धा तालुका संगणक दुरुस्त करत बसलाय. आता फोटो वेगळा जोडूया, म्हणजे पारगावला नीट दिसेल.”

मंदाताई झेरॉक्सचे कागद उगाचच जुळवू लागल्या. नाना रुमालाची घडी घालू लागले.

“तुम्हाला पटलं नाही का?”

“मला म्हाईत हाय,” नाना म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“त्यो जात न्हाई त्ये.”

“मीच सांगितलं व्हतं त्यांना,” मंदाताई कागदांकडे पाहत म्हणाल्या. “दिवाळीच्या आधी. म्हनले, कुनाला बोलू नकोस.”

नानांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, पुन्हा घातली.

“बाई, फोटू गेला का नकार लगीच येतो. मान्सं उभ्या उभ्या बगत्यात. शेंगा खात खात बगत्यात. मंग मी त्यो घिऊन पोरीच्या दारात जातो. आदी काय वाटत नव्हतं. बापाच्या हातात दिला का सुटलो. एकदा काय झालं, बाप घरी न्हवता. पोरगीच आली भाईर. फोटू घेतला, बघितला, आन मला म्हनली, ‘नाना, दुसरा काढू का? जरा उजेडातला?’ आता हिला काय सांगायचं?”

त्यांनी पडद्यावरच्या फुलीकडे बोट दाखवलं.

“फुली दिसली का मान्सं चिडत्यात, पर येत्यात. आली का बसत्यात. पोरीचा आवाज कानावं पडतो. न्हाई म्हनायचं तर म्हना, पर मानसाला बगून म्हना की.”

पत्र तसंच गेलं. मी दुरुस्त केलं नाही.

पारगावच्या बाईंचा फोन अपेक्षेप्रमाणे आला, नानांनी त्यांच्या यंत्राला अपेक्षेप्रमाणे दोष दिला, आणि रविवारी मंडळी घोडेगावला आली; नाना आणि मीही होतो. बहिणीनं पोह्यांवर खोबरं पेरलं होतं. घर हळदीच्या आणि ताज्या सारवणाच्या वासानं भरलं होतं. अलका आली, बसली, विचारलं त्याचं उत्तर दिलं. बालवाडीतल्या मुलांविषयी बोलताना तिचा तो भरीव आवाज खोलीत एक क्षण उजळला. पण मुलाची आई तो आवाज ऐकत नव्हती, ती तिच्या गळ्याकडे पाहत होती. मुलगा मोबाइलकडे. निघताना बाईंनी घर फार छान सारवल्याबद्दल बहिणीचं कौतुक केलं. ज्यांना मुलीविषयी काही बोलायचं नसतं, ती माणसं जमिनीविषयी बोलतात.

सोमवारी मी मंदाताईंकडे प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढत होते. नानांनी पारगावला फोन लावला. त्या काळ्या फोनमधला आवाज दुकानभर ऐकू येई.

“मुलगी गुणी आहे हो,” बाई म्हणाल्या. “बोलते पण छान. पण नाना, तुमचा तो फोटो दिसला असता ना, तर आमची खेप वाचली असती.”

नानांनी फोन खाली ठेवला. ‘राम राम’ म्हटलं नाही. आयुष्यात त्यांनी तसा फोन ठेवलेला मी पाहिला नव्हता.

“घोडेगावला जायाचं,” ते मला म्हणाले. “चला.”

मंचरला गाडी बदलून आम्ही पोहोचलो. अलका ओट्यावर बालवाडीसाठी रंगीत कागद कापत होती. तिचे वडील आणि माझी बहीण दारात येऊन उभी राहिली. नानांनी कुणालाही विचारण्याची संधी दिली नाही.

“मी नकार कळवला,” ते उभ्याउभ्याच म्हणाले.

“तुम्ही?” बहिणीचा आवाज चिरका झाला. “आपण मुलीकडचे, नाना! आपण कसा नकार द्यायचा?”

“दिला. मला पोरगं पसंत न्हाई. पाठीत वाकलेलं हाय. पोहे खाताना चमचा दातावं वाजीवतंय. बूट तर असं काढले, का पुढच्यानं पाय मोडून पडावं. आन त्याची आई! ती काय मान्सात मोडती?”

माझ्या मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदांच्या रंगांकडे पाहत राहिले. लाल, निळा, पिवळा.

अलकानं कात्री खाली ठेवली होती. “नाना, खरंच तुम्ही नाही म्हणालात?”

“मंग! तोंडावं म्हनलो.”

“कशासाठी? चमच्यासाठी?”

नानांकडची दूषणं संपली होती. मग ते हळूच म्हणाले, “ती मान्सं बसली व्हती तवर तू एकदाबी हसली न्हाईस. मी बगत व्हतो.”

अलका त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला सगळं कळलं होतं, हे मला दिसलं. आणि तिला कळलं आहे, हे नानांनाही दिसलं असावं. ती उठून आत गेली. भांड्याचा आवाज आला, आल्याचा वास आला.

लग्न जमल्याशिवाय मुलीच्या घरच्या पाण्याला नाना कधी शिवत नसत. तिनं कपबशी त्यांच्यापुढे धरली आणि धरूनच ठेवली. त्यांनी ती घेतली. चहा बशीत ओतला, आणि फुंकर घालायचं विसरून, वाफेकडे पाहत बसून राहिले.