अन्यायाची टोपी

गस झेलेन्का टीव्हीवर बेसबॉल बघायचा तो आवाज बंद करून. कानाशी असायचा गावचा रेडिओ. देशभर दिसणाऱ्या त्या वाहिनीचे समालोचक न्यूयॉर्कच्या संघाचे भाट आहेत, असं त्याचं चाळीस वर्षांचं ठाम मत होतं. गावचा रेडिओवाला तर आपल्या क्लीव्हलँडचा खेळाडू नुसता बुटाची नाडी बांधायला वाकला तरी गहिवरायचा. पण तो निःपक्षपाती!

त्या शनिवारी दुपारी मात्र टीव्हीचा आवाज चालू होता, आणि तो नातवापायी. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा होता. नंतर फोटो. त्या फोटोत बाळाच्या डोक्यावर कोणत्या संघाची टोपी असावी, यावरून गस आणि त्याचा जावई डॉमिनिक आठवडाभर एकमेकांचं डोकं खात होते. देवाच्या दारात बाळाचं नाव काय ठेवायचं, हे मात्र दोघांनाही दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

डॉमिनिक न्यूयॉर्कचा. त्याचं म्हणणं भलतंच.

"पप्पा, ते समालोचक आमचा राग करतात."

"तुमचा? अरे, तुमचा पिचर च्युइंग गम चघळतो, तेसुद्धा जवळून दाखवतात!"

"टिंगल करायला दाखवतात."

"आमची टिंगल करायलासुद्धा दाखवत नाहीत!"

लोरेटा, म्हणजे एकाची मुलगी आणि दुसऱ्याची बायको, बाळाला खांद्यावर थोपटत होती. ती वैतागून म्हणाली, "मग मोजा ना एकदाचं! आजच्या सामन्यात ज्याच्यावर जास्त अन्याय होईल, त्याची टोपी."

दोघांना ते एकदम पटलं. जिंकण्याची खात्री कुणालाच नव्हती. अन्यायाची दोघांनाही होती.

सामना निकालाचा होता. हरणाऱ्याचा हंगाम तिथेच संपणार. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना घड्याळं घेऊन बसले. न्यूयॉर्कचं कौतुक सुरू झालं की गसनं कळ दाबायची, क्लीव्हलँडचं झालं की डॉमिनिकनं. ज्याच्या घड्याळात जास्त वेळ, तो जास्त पीडित.

पहिल्याच डावात वाजलं.

"दाबलंस कशाला? तो फक्त म्हणाला, आमचा फलंदाज धोकादायक आहे."

"हे कौतुकच की, पप्पा."

"धोकादायक? कुत्र्याला म्हणतात धोकादायक!"

लोरेटानं निम्मं कौतुक धरलं. तिसऱ्या डावापर्यंत चेंडूकडे कुणाचं लक्ष उरलं नाही. दोघं डोळे मिटून, चर्चमध्येसुद्धा कधी साधली नसेल अशा एकाग्रतेनं, समालोचकांचा शब्दन् शब्द टिपत होते.

पाचव्या डावात क्लीव्हलँडनं दोन धावा काढल्या आणि गस कण्हला. आता हे कौतुक करणार! केलंच, चाळीस सेकंद. पुढच्या डावात न्यूयॉर्कनं बरोबरी साधली, तर डॉमिनिकनं कपाळावर हात मारला आणि गसनं टाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तर ताळच सुटला. आपला माणूस मैदानात उतरला की गस पुटपुटायचा, "बाद हो रे, बाबा, लवकर बाद हो." पलीकडे डॉमिनिक आपल्या पिचरला विनवत होता, "टाक ना एखादा वाकडा."

आठव्या डावाअखेर न्यूयॉर्कचं कौतुक अकरा मिनिटं, क्लीव्हलँडचं नऊ. टोपी गसच्या हातात आल्यात जमा होती.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात क्लीव्हलँडच्या एका कोवळ्या पोरानं चेंडू उचलला तो थेट प्रेक्षकांत. सामना खलास. क्लीव्हलँड जिंकलं!

"अरे देवा," गसनं डोकं धरलं.

समालोचकांना कंठ फुटला. त्या पोराचा हात, त्या पोराची नजर, त्याला वाढवणारी आजी, आजीचं गुडघ्याचं दुखणं. मिनिट झालं, दोन झाली.

"पुरे! गप्प बसा, मेल्यांनो!" गसनं रिमोट उचलून आवाज बंद केला.

"पप्पा, ही लबाडी आहे!" डॉमिनिकनं रिमोट हिसकावला. आजीचं दुखणं पुन्हा सुरू झालं. साडेचार मिनिटं भरली, नऊची साडेतेरा झाली, तेव्हा डॉमिनिक, ज्याच्या संघाचा हंगाम नुकताच मातीला मिळाला होता, तो सोफ्यावर उभा राहून नाचत होता.

गसची बायको बर्निस पिरोगीच्या करंज्यांचं पीठ लागलेले हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "कोण जिंकलं?"

"आम्ही!" डॉमिनिक ओरडला.

"हरलो," गस म्हणाला.

पडद्यावर क्लीव्हलँडची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून आनंदानं रडत होती. बर्निसनं पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती पुन्हा हात पुसायला लागली.

डॉमिनिकनं खिशातून न्यूयॉर्कची इवलीशी टोपी काढून बाळाच्या डोक्यावर बसवली. लोरेटाला वाटलं, आता बाबा रडतात.

गस बाळाकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला, "चाळीस वर्षं आमच्याबद्दल चांगला शब्द नाही. आणि आज, ज्या दिवशी त्या कौतुकानं माझं नुकसान होणार, नेमका त्याच दिवशी साडेचार मिनिटं! आणखी काय पुरावा हवाय?"

त्यानं कोट चढवला, बाळाला अलगद उचललं आणि टोपी नीट सारखी केली.

"कुठे निघालास?" बर्निसनं विचारलं.

"गल्लीत," गस म्हणाला. त्याला इतकं खूश तिनं लग्नातही पाहिलं नव्हतं. "घरोघर दाखवून येतो, काय केलंय त्यांनी माझ्या नातवाचं!"