पाणी खराब आहे हे नीट कसे सांगावे

जे कळते ते सांगता आले पाहिजे आणि जे सांगितले ते फारसे कुणाला कळता कामा नये, या दोन खांबांवर कोणतेही खाते उभे असते. आमचे पाणीपुरवठा खाते या खांबांना टेकून बसलेले आहे. मी तिथल्या प्रशिक्षण कक्षाचा प्रमुख. तांत्रिक कर्मचाऱ्यांना बोलते करण्यासाठी संवादकलेच्या वार्षिक परिषदेतली कोणती सत्रे ऐकावीत, याची शिफारस मी करतो. अशा शिफारशींचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी (असे लोक दर वर्षी निघतात) तारमास्तरांकडे पाहावे.

तारमास्तर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ. ते तारेच्या भाषेत अहवाल लिहीत, म्हणून हे नाव. 'गाळणी फुटली. बदला.' संपला अहवाल. माणूस हुशार, पण जिभेला मीटर बसवल्यासारखा. लग्न ठरताना सासऱ्यांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारले होते, "मुलाला बोलता येतं ना?"

एके सकाळी पाण्यात जंतू सापडले. तारमास्तरांनी सगळ्या शहराच्या फोनवर संदेश पाठवला: 'पाणी खराब आहे. पिऊ नका.' परिणाम भयंकर झाला. लोकांनी पाणी पिणे थांबवले.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावले.

"असं कुणी लिहितं का हो?"

"पाणी खराब होतं," तारमास्तर म्हणाले.

"असेल हो. पण लोकांना ते लगेच कळलं ना! कळलं म्हणून त्यांनी मला फोन केले. मला कुठे काय माहीत होतं?"

"संदेश तुम्हालाही आला होता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. पुढे चौकशी समितीने असा निष्कर्ष काढला की, शहरात एकही माणूस आजारी पडला नाही, त्या अर्थी इशारा अनाठायी होता. मी परिषदेची शिफारस केली.

परिषद एका मोठ्या हॉटेलात होती. मी तारमास्तरांना सोडायला गेलो आणि खात्याच्या हितासाठी तिथेच राहिलो. 'थोडक्यात सांगा' हे पहिले सत्र जेवणाची वेळ उलटून गेल्यावरही चालू होते. ते अपुरे राहिल्याने पुढल्या वर्षी दोन भागांत होणार आहे. 'समोरच्याला ओळखा' या सत्राचे वक्ते दातांच्या डॉक्टरांसाठीचे भाषण घेऊन आले होते. हे फक्त तारमास्तरांच्या लक्षात आले. बाकीच्यांनी दाढेच्या मुळावर टाळ्या वाजवल्या आणि त्या सत्राला सर्वोत्तम ठरवले.

मात्र खरी किमया झाली ती 'वाईट बातमी, चांगल्या प्रकारे' या सत्रात. वक्त्या बाईंनी तारमास्तरांना पुढे बोलावून त्यांचे वाक्य फळ्यावर लिहून घेतले.

"'खराब' म्हणजे आपण पाण्याला नावं ठेवतोय," बाई म्हणाल्या आणि तो शब्द पुसला. "'पिऊ नका' यात नकार आहे. नकाराने माणूस दुखावतो." तेही पुसले. उरले 'पाणी आहे'. "बघा, किती आश्वासक!"

"पण मग लोक पाणी पितील," तारमास्तर म्हणाले.

"पितील ना. पण विश्वासाने पितील."

सभागृह टाळ्यांनी दणाणले. तारमास्तर फळ्याजवळ खडू घेऊन उभे होते. त्यांच्यासाठी आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती, अगदी लग्नातसुद्धा. ते लाजले. मग हसले. मग, माझ्या डोळ्यांदेखत, बोलू लागले.

परतल्यावर माणूस ओळखू येईना. घरी वहिनींनी न्हाणीघरातून विचारले, "अहो, गॅस बंद केलात का?" त्यावर उत्तर आले, "या प्रश्नाकडे वळण्याआधी आपण गॅसची आजवरची वाटचाल पाहू." दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आले. पण वहिनी खूश होत्या. "जाऊ दे दूध," त्या माझ्याशी बोलताना म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी माणूस बोलतोय तरी घरात!"

आणि मग पाणी पुन्हा बिघडले. जंतुनाशक सोडणारे यंत्र बंद पडले होते. तारमास्तरांनी संदेश तयार केला, मी तपासला, साहेबांनी गौरवला:

'सप्रेम नमस्कार. आपल्या खात्याच्या उज्ज्वल वाटचालीत पाण्याच्या गुणवत्तेने एका नव्या पर्वात पदार्पण केले आहे. या पर्वात पाणी आणि उष्णता यांची मैत्री घडवून आणण्याची संधी प्रत्येक सुजाण नागरिकाला लाभत आहे. आपला विश्वास हीच आमची ताकद!' सोबत हसऱ्या थेंबाचे चित्र होते.

साहेबांना एकही फोन आला नाही. लोक पाणी प्यायले. विश्वासाने.

दोन दिवसांत इस्पितळात खाटा अपुऱ्या पडल्या. तारमास्तरांच्या धाकट्या मुलीला व्हरांड्यात गादी मिळाली. मी भेटायला गेलो तेव्हा तिच्या हाताला सलाईन लावले होते आणि ओठ सुकून पांढरे पडले होते. वहिनी उशाशी बसल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी नवऱ्याला विचारले.

"मी कळवलं होतं."

"वाचला मी तुमचा संदेश. शेजारणीला कौतुकाने दाखवला. आणि तिथेच उभी राहून पोरीला तांब्याभर पाणी दिलं. काय होतं हो त्यात?"

तारमास्तरांनी तोंड उघडले. "या टप्प्यावर..." म्हणाले आणि थांबले. "एकंदर परिस्थिती पाहता..." पुन्हा थांबले. मुलीने कूस बदलली. मग, पहिल्यांदाच बोलायला शिकणाऱ्या माणसासारखे ते म्हणाले, "पाणी खराब होतं."

वहिनींनी मुलीचे ओठ ओल्या कापसाने पुसले.

मुलगी बरी झाली. (सगळ्यांच्या झाल्या नाहीत, त्याबाबत वेगळे, अधिक आश्वासक निवेदन काढले आहे.) त्या संदेशाला परिषदेचे सुवर्णपदक मिळाले आणि 'नव्या पर्वातले पाणी' या विषयावर सत्र घेण्याचे निमंत्रण तारमास्तरांना आले. त्यांनी उत्तर पाठवले, 'येणार नाही.' आजार उलटल्याची ही स्पष्ट लक्षणे असल्याने मी त्यांच्यासाठी उजळणी वर्गाची शिफारस केली आहे. ते सत्र आता मीच घेईन.

तयारीसाठी परवा नागरिकांचे प्रतिसाद चाळत होतो. हजारो अंगठे, जोडलेले हात, फुले, 'उपयुक्त माहिती, पुढे पाठवली आहे'. एकानेही विचारले नव्हते की, म्हणजे नेमके करायचे काय? त्यात तुमचाही अंगठा दिसला. संदेश आल्या आल्या दिलात, पुरता उघडायच्याही आधी. खात्याला असे नागरिक लाभतात म्हणून तर चालले आहे.

आता पोट कसे आहे?