आल्प्सच्या ग्रामपंचायतीतले कदमभाऊ

एप्रिलमध्ये आखातातल्या हमरिया फ्री झोनमधले आमच्या गोदामाचे पत्रे कडकडीत तापलेले असतात आणि आमचे स्टोअरकीपर कदमभाऊ दहाच्या चहाला जाहीर करतात, "वरच्या वाडीत बर्फ पडलाय. जपून!"

ही वाडी आल्प्सच्या डोंगरातली. आमची पॅकिंग मशिनं तिथून येतात. खोक्यावर गावाची दोन नावं, एक जर्मन, एक इटालियन. "पाळण्यातलं एक, शाळेतलं एक," असं म्हणत भाऊंनी गाव फोनवर शोधून काढलं. एक ग्रामपंचायत, चार वाड्या, आणि चर्चच्या चौकात कॅमेरा. त्यातला चौक कुणीही फोनवर थेट बघावा. तेव्हापासून हा संगमेश्वरचा माणूस तिथल्या मेयरला 'आमचे सरपंच' म्हणतो. मशीन का आलं नाही म्हणून मॅनेजरने विचारलं, तर उत्तर तयार, "साब, नीचे की वाडी में जत्रा है. इन्शाल्ला, सोमवार."

मला ते 'ग्रॅज्युएट' म्हणतात. आहेच मी. आईने काजूच्या कारखान्यात बोटं काळी केली, तेव्हा आमच्या घरात पहिला बी.कॉम. झाला. पण त्या बी.कॉम.चा असा उपयोग होईल, हे मला काय माहीत!

त्या चौकात रोज एक आजी चर्चच्या पायऱ्या झाडायच्या. कॅमेऱ्यात बोटाएवढ्या दिसत. "या मावशी," म्हणून भाऊ कप उंचावत. एकदा त्या चार दिवस आल्याच नाहीत.

"गावाला गेल्या असतील," मी म्हणालो.

"अरे, गावातच राहते ती. गावाला कुठे जाईल? तू सरपंचांना मेल टाक."

"काय लिहू? तुमची आजी दिसत नाही?"

"हो. आणि दोन्ही भाषांत लिही, नाहीतर अर्धं गाव रुसेल. खाली मराठीतही टाक. आपण कोण, ते नको कळायला?"

फोनवर भाषांतर करून मी तिन्ही भाषांत मेल पाठवला. विषय : झाडणाऱ्या आजी. पुढचे दोन दिवस भाऊंचा स्टॉक जुळेना. नट मागितले की बोल्ट देत होते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तेही तीन भाषांत! मराठी मशीनचंच होतं, पण कळत होतं : "आजी बर्फावर पडली. पाय प्लास्टरमध्ये. खालच्या गावात मुलीकडे आहे. चांगली जेवते."

भाऊंनी माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं.

"जेवते ना? मग खलास, काळजी मिटली."

मी हसलो. ते हसले नाहीत. खोक्यावरची धूळ हाताने पुसत म्हणाले, "आमची आई पडली तेव्हा मी इथेच होतो. चार दिवस पडून होती रे. वाडीत बाकी घरांना कुलपं. विचारणार कोण?"

मग लगेच ओरडले, "यल्ला, चला चला, ट्रक आलाय!"

दीड महिन्याने आजी काठी टेकत चौकात आल्या.