दाविद मास्तरांच्या लढाया

आमच्या शेजारचे दाविद मास्तर मदतीला आलेल्या माणसांना आधी पाणी पाजत आणि मग त्यांतल्या बहुतेकांना घरी पाठवत.

सोलापुरात मिशनच्या शाळेत ते बायबल शिकवत. मी गिरणीत कारकून. एकदा त्यांचं कपाट हलवायला आम्ही आठजण गेलो. मास्तर म्हणाले, "हौदावर पाणी पिऊन या." सहाजण गुडघे टेकून प्याले. त्यांना मास्तरांनी हात जोडले, "तुमी जावा आता." बायबलातल्या गिदोन नावाच्या सेनापतीनं म्हणे अशीच पारख करून दहा हजारांतले तीनशेच ठेवले होते. माणसं जास्त असली की जिंकल्यावर देवाचं नाव कोण घेतो? माझे गुडघे धरलेले. मी उभ्याउभ्याच हातानं पाणी उचलून प्यायचो आणि दर वेळी निवडला जायचो. त्या कपाटानंतर आठ दिवस माझी कंबर सरळ झाली नाही.

छप्पर गळो, शाळेची तपासणी येवो, मास्तरांना सगळीकडं लढाईच दिसे. "आपण नुसतं उभं राहायचं. लढणारा वर बसलाय की," हे त्यांचं पालुपद. मी कंटाळून "व्हय, व्हय" म्हणायचो. उचलायला मात्र आम्हीच.

मग त्यांच्या बायकोला, मार्थाबाईंना, विषमज्वर झाला. डॉक्टरांनी आशा सोडली. आळीतल्या बाया जवळ बसायला आल्या, तर मास्तरांनी त्यांना पाणीही न पाजता परत पाठवलं. मला संताप आला. रविवारी दुपारी पेज घेऊन गेलो, तर मास्तर अंगणात उन्हात दोन्ही हात वर करून उभे. सदरा घामानं भिजलेला, हात लटलट कापत होते.

"हे काय मास्तर?"

"बायबलातल्या लढाईत मोशेचे हात वर होते तोवर त्याची माणसं जिंकत होती. खाली आले की हरायची. शेवटी दोघांनी त्याचे हात धरले. मी सकाळपासनं उभा हाय. आता जमंना."

काय म्हणावं या माणसाला. पेज खाली ठेवली आणि त्यांचा उजवा हात कोपराशी धरला. डाव्याला कोणी नव्हतं. तो हळूहळू खाली येत होता आणि मास्तर रडत होते.

आतून मार्थाबाईंचा बारीक आवाज आला, "अवो, तो हात हिकडं द्या की. सकाळपासनं एकटीच पडलीय मी."

मास्तर हलेनात. "हितनं हललो तर ती जाईल," मला म्हणाले. "मला आत जायचं भ्या वाटतंय."

"जावा, मास्तर. बाईंजवळ बसा," मी म्हणालो.

ते आत गेले. दिवेलागणीला बाई गेल्या. त्यांचा हात मास्तरांनी दोन्ही हातांत धरला होता. तो सोडवायचं काम माझ्याकडंच आलं, आणि ते मला लवकर जमलं नाही.